विश्लेषण : जुनी इलेक्ट्रिक कार ‘थेट कंपनीकडून’ मिळते का? बिल, बॅटरी आणि वॉरंटीत काय पाहाल?

धाकटी डहाणूतील एका वाचकाने गेल्या आठवड्यात आमच्या डेस्ककडे व्हॉट्सॲपवर फिरणारी एक जाहिरात पाठवली. तीन वर्षे वापरलेली छोटी इलेक्ट्रिक कार, २४ किलोवॉट-तासांची बॅटरी, किंमत पावणेसात लाख आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘थेट कंपनीकडून, मधे एजंट नाही’. वाचकाचे घर मासेमारीवर चालते. तो स्वतः बोईसरला, तारापूर औद्योगिक वसाहतीत नोकरीला जातो. त्याचा प्रश्न एका ओळीचा होता : कंपनीच विकतेय म्हणजे डोळे झाकून घ्यायला हरकत नाही ना?

गाडी चांगली असू शकते. पण जाहिरातीतला ‘थेट कंपनीकडून’ हा शब्द भारतात बहुतेक वेळा खरा नसतो. पावणेसात लाख रुपये आणि पुढची पाच वर्षे हप्ता त्या एका शब्दावर टाकायचा असेल, तर त्यामागे काय असते हे आधी समजून घ्यायला हवे.

जुनी गाडी कंपनी स्वतः विकते का?

मारुतीचे ट्रू व्हॅल्यू, ह्युंदाईचे प्रॉमिस, टाटा मोटर्सचे अशुअर्ड, एमजीचे रीअशुअर ही जुन्या गाड्यांची दुकाने आपण महामार्गाच्या कडेला पाहतो. पाटीवर नाव कंपनीचे असते. तपासणीची यादी कंपनीने ठरवलेली असते, प्रमाणपत्रही कंपनीच्या छापाचे असते. गाडी मात्र विकत घेतो आणि पुन्हा विकतो तो अधिकृत वितरक, म्हणजे आपल्या भाषेत शोरूमवाला. बिल त्याच्या फर्मच्या नावाने निघते, जीएसटी क्रमांक त्याचा असतो. उद्या वाद झाला तर तुमचा करार त्याच्याशी असतो. कंपनी ‘आम्ही फक्त कार्यक्रम चालवतो’ असे म्हणू शकते.

याला थोडे अपवाद आहेत. टोयोटाने २०२२ मध्ये बेंगळूरुत जुन्या गाड्यांचे स्वतःच्या मालकीचे दालन उघडले. चाकणला कारखाना असलेल्या मर्सिडीज-बेंझने ऑक्टोबर २०२१ पासून भारतात नव्या गाड्या थेट ग्राहकाला विकायला सुरुवात केली. तिथे गाड्यांचा साठा कंपनीचा, बिल कंपनीचे आणि शोरूम फक्त प्रतिनिधी. पण ती व्यवस्था नव्या गाड्यांची आहे आणि त्या गाड्यांच्या किमती आपल्या चर्चेच्या कक्षेबाहेरच्या आहेत.

‘थेट कंपनीकडून जुनी ईव्ही’ ही कल्पना आली ती मुख्यतः टेस्लामुळे. अमेरिकेत ही कंपनी वितरक नेमत नाही. ग्राहकांनी परत केलेल्या गाड्या ती तपासून स्वतःच्या संकेतस्थळावर विकते आणि मूळ वॉरंटी संपल्यावर आणखी एक वर्ष किंवा १० हजार मैलांची हमी देते. ही टेस्ला १५ जुलै २०२५ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आली. मॉडेल वायची किंमत तेव्हा ५९.८९ लाखांपासून सुरू होत होती. सप्टेंबरमध्ये पहिली गाडी परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी घेतली. म्हणजे आपल्याकडे टेस्लाच्या नव्या गाड्यांचीच आता कुठे सुरुवात आहे.

मग दुकानात जाऊन पहिला प्रश्न विचारायचा तो हा : बिल कोणाच्या नावाने निघणार? नमुना बिल व्हॉट्सॲपवर मागा. जो देत नाही, त्याच्याकडे पुढचे काही विचारण्यात अर्थ नाही.

वितरक विकत असेल तर ते वाईट आहे का?

अजिबात नाही. उलट कायद्याने अलीकडे वितरकाला जबाबदार धरले आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये मोटार वाहन नियमांत बदल केला आणि तो १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. जुन्या, नोंदणी झालेल्या गाड्यांचा व्यवसाय करणाऱ्याने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचे, ते फॉर्म २९बी मध्ये मिळते. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की दोघांनी फॉर्म २९सी भरून परिवहन खात्याला कळवायचे. तेव्हापासून गाडी पुढच्या ग्राहकाच्या नावावर होईपर्यंत वितरक ‘मानीव मालक’ ठरतो. गाडी कुठे, कशासाठी बाहेर नेली याची नोंदही त्याने ठेवायची असते.

या नियमाआधी काय चालायचे, ते कोणाही गॅरेजवाल्याला विचारा. जुन्या मालकाच्या सह्या घेतलेले कोरे फॉर्म ड्रॉवरमध्ये पडून असायचे आणि गाडी तीन हात फिरून आली तरी आरसीवर पहिल्याचेच नाव. म्हणून दुसरा प्रश्न : तुमचे २९बी अधिकारपत्र दाखवता का?

आणि ‘थेट’ असले की सेवा चांगलीच, असेही नाही. ओला इलेक्ट्रिक आपल्या स्कूटर पहिल्यापासून स्वतःच्या दुकानांतून विकते, मधे वितरक नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने या कंपनीला नोटीस बजावली, तेव्हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तिच्याविरुद्ध १०,६४४ तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या. त्यातील ९९.१ टक्के तक्रारी सोडवल्याचे कंपनीने नंतर कळवले. २०२५ मध्ये महाराष्ट्रात ट्रेड सर्टिफिकेट नसलेल्या तिच्या दुकानांवर परिवहन विभागाने कारवाईही केली. मधला माणूस गेला की त्याचे कमिशन जाते. पण दारात जाऊन भांडायला जो एक माणूस असतो, तोही जातो.

जुनी ईव्ही इतकी स्वस्त का झाली?

कारण नवीच स्वस्त होत गेली. नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये आली तेव्हा किंमत १३.९९ लाखांपासून सुरू होत होती. सप्टेंबर २०२४ मध्ये जवळपास तेवढ्याच बॅटरीची नवी, सुधारित नेक्सॉन ईव्ही १२.४९ लाखांपासून मिळू लागली. टियागो ईव्ही २०२२ मध्ये ८.४९ लाखांना जाहीर झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ७.९९ लाखांवर आली. नवी गाडी चार वर्षांनी दीड लाखाने स्वस्त मिळत असेल तर जुनीला कोण विचारणार?

यामागे बॅटरीचा भाव आहे. ब्लूमबर्ग एनईएफच्या पाहणीनुसार लिथियम-आयन बॅटरी पॅकचा जागतिक सरासरी भाव २०२४ मध्ये किलोवॉट-तासाला ११५ डॉलरवर आला. एका वर्षात २० टक्क्यांची घसरण. अमेरिकेत गाड्या भाड्याने देणाऱ्या हर्ट्झने जानेवारी २०२४ मध्ये आपल्या ताफ्यातील सुमारे २० हजार ईव्ही विकायला काढल्या आणि तिथला जुन्या ईव्हीचा बाजार आणखी खाली आला.

आपल्याकडेही ताफ्यातल्या गाड्यांचा प्रश्न आहे. १५ एप्रिल २०२५ रोजी सेबीने जेनसोल इंजिनीअरिंगविरुद्ध आदेश काढला. ६,४०० इलेक्ट्रिक गाड्यांसाठी कर्ज उचलून ४,७०४ गाड्याच घेतल्याचे त्यात नमूद आहे. त्या पाठोपाठ ब्लूस्मार्टची ई-टॅक्सी सेवा थांबली आणि हजारो गाड्या वाहनतळांवर उभ्या राहिल्या. टॅक्सीतली ईव्ही दिवसाला दोनशे किलोमीटर धावते, बहुधा फास्ट चार्जरवरच चार्ज होते आणि नंतर महिनोन् महिने रिकाम्या बॅटरीवर उभी राहिली तर तेही बॅटरीला बाधते. अशी गाडी खासगीत बदलून विकता येते, त्यात बेकायदा काही नाही. फक्त तुम्हाला ते माहीत हवे. खासगी ईव्हीच्या हिरव्या पाटीवर अक्षरे पांढरी असतात आणि टॅक्सीच्या पाटीवर पिवळी. पाटी बदलली असली तरी नोंदणीचा इतिहास आरटीओकडे असतो.

बॅटरी किती उरली आहे, हे कसे कळणार?

पेट्रोल गाडीत आपण इंजिनाचा आवाज ऐकतो, सायलेन्सरचा धूर पाहतो, डिपस्टिक काढून तेल बघतो. ईव्हीत ऐकायला काही नसते. सहा वर्षे झिजलेली बॅटरीही पहिल्या वळणावर नवीसारखीच गाडी ओढते. फरक कळतो तो शंभर किलोमीटर गेल्यावर.

बॅटरीत आज किती वीज मावते आणि नवी असताना किती मावत होती, या गुणोत्तराला ‘स्टेट ऑफ हेल्थ’ म्हणतात. आपण तिला बॅटरीची तब्येत म्हणू. गाडीतली संगणक-व्यवस्था ती टक्क्यांत मोजते. अधिकृत सर्व्हिस सेंटर स्कॅनर लावून तो आकडा छापून देऊ शकते. या कागदाशिवाय जुनी ईव्ही घेणे म्हणजे बंद टोपलीतले मासे वजन न करता घेणे.

आकड्याने काय बिघडते, ते आपल्याच रस्त्यावर पाहू. बॅटरी २४ किलोवॉट-तासांची. जाहिरातीत सांगितलेले अंतर प्रयोगशाळेतले असते. एसी लावून, महामार्गावर, चार माणसे घेऊन एका युनिटला ७ किलोमीटर धरणे व्यवहाराचे आहे. तब्येत ९० टक्के असेल तर २१.६ युनिट मावतात, म्हणजे सुमारे १५० किलोमीटर. त्यातले शेवटचे १० टक्के कोणी वापरत नाही, तेव्हा हातात राहिले १३६. धाकटी डहाणूहून चारोटीमार्गे वांद्रे सुमारे सव्वाशे किलोमीटर आहे. म्हणजे एका चार्जमध्ये पोहोचाल. आता तब्येत ८० टक्के धरा. मावतात १९.२ युनिट आणि हातात उरते १२१ किलोमीटर. घरातल्या कोणाला मुंबईच्या रुग्णालयात न्यायचे असेल आणि वाटेत घोडबंदर फाट्यावर कोंडी असेल, तर या दहा टक्क्यांसाठी विरारच्या आसपास चार्जर शोधत बसावे लागेल.

स्कॅनरचा आकडाही अंदाजच असतो. विशेषतः लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी प्रकारच्या बॅटरीत. तिचा व्होल्टेज चार्ज ३० टक्के असला काय आणि ७० टक्के असला काय, जवळपास सारखाच राहतो. त्यामुळे संगणकाला आत किती उरले हे ओळखणे कठीण जाते आणि अधूनमधून पूर्ण १०० टक्के चार्ज करून त्याला पुन्हा शिकवावे लागते. म्हणून इंजिनीअरिंग कॉलेजच्या लॅबमधली एक सोपी तपासणी सुचवतो. विक्रेत्याला गाडी १० टक्क्यांपर्यंत उतरवायला सांगा. मग साध्या १५ अँपिअरच्या पॉइंटवर, मधे युनिट मोजणारा छोटा मीटर लावून १०० टक्के चार्ज करा. बॅटरीनुसार बहुधा रात्रभर लागेल. भिंतीतून आलेल्या विजेपैकी सुमारे १० टक्के उष्णतेत जाते. मीटरने २१ युनिट दाखवले तर बॅटरीत गेले सुमारे १८.९. हे ९० टक्के भरण्यासाठी लागले, म्हणजे पूर्ण क्षमता २१. चोवीसच्या तुलनेत ८७ टक्के. कंपन्या बॅटरीचा थोडा भाग राखून ठेवतात, त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे. पण स्कॅनरवर ९६ टक्के आणि मीटरवर ८० टक्के आले, तर कुठेतरी पाणी मुरते आहे एवढे नक्की कळते.

एक रात्र गाडी चार्जिंगला लावू न देणारा विक्रेता असेल तर कारण विचारा.

युरोपात हा खटाटोप कायद्याने सोपा होणार आहे. तिथे १८ फेब्रुवारी २०२७ पासून ईव्हीच्या प्रत्येक बॅटरीला डिजिटल ‘पासपोर्ट’ लागेल. आपल्याकडे खरेदीदार आज विक्रेत्याच्या सौजन्यावर अवलंबून आहे.

आठ वर्षांची वॉरंटी दुसऱ्या मालकाला मिळते का?

जुनी ईव्ही घेताना सर्वात जास्त पैसे याच मुद्द्यावर वाचतात किंवा बुडतात.

भारतात बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीला ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर अशी वॉरंटी असते. यातील जे आधी पूर्ण होईल तिथे ती संपते. मोजणी तुमच्या खरेदीपासून होत नाही, पहिल्या मालकाच्या तारखेपासून होते. २०२० च्या सुरुवातीला घेतलेल्या नेक्सॉन ईव्हीची ही वॉरंटी २०२८ च्या सुरुवातीला संपणार.

त्यानंतर आल्या ‘आयुष्यभराच्या’ वॉरंट्या, आणि गोंधळ तिथे आहे. महिंद्राच्या चाकणमध्ये तयार होणाऱ्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्यांच्या बॅटरीला आजीवन वॉरंटी आहे, पण ती पहिल्या खासगी मालकाला. गाडी दुसऱ्याच्या नावावर झाली की ती पहिल्या नोंदणीपासून १० वर्षे किंवा २ लाख किलोमीटर एवढी राहते. एमजी विंडसरचेही तसेच. पहिल्याला आजीवन, पुढच्याला ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर. टाटाने जुलै २०२५ मध्ये कर्व्ह ईव्ही आणि ४५ किलोवॉट-तासांच्या नेक्सॉन ईव्हीसाठी जाहीर केलेली आजीवन वॉरंटी १५ वर्षांची आहे आणि तीही पहिल्या खासगी मालकासाठी. जुन्या गाडीच्या जाहिरातीत ‘लाइफटाइम बॅटरी वॉरंटी’ असे लिहिलेले दिसले तर समजा की ती ओळ नव्या गाडीच्या पत्रकातून उचललेली आहे.

यात एक सापळा डेमो गाडीचा आहे. शोरूममधली, दोन-तीन हजार किलोमीटर चाललेली चाचणीची गाडी ‘जवळजवळ नवी, थेट कंपनीची’ म्हणून विकतात. ती शोरूमच्या नावाने नोंदवलेली असेल तर आरसीवर तुम्ही दुसरे मालक ठरता. दोन हजार किलोमीटरची गाडी, पण वॉरंटी दुसऱ्या मालकाची. सूट लाखाची मिळत असेल तर हेही त्या लाखात धरा.

दुसरा सापळा भाड्याच्या बॅटरीचा. एमजी विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये ९.९९ लाखांना जाहीर झाली ती बॅटरीशिवाय. बॅटरीसाठी किलोमीटरमागे साडेतीन रुपये वेगळे द्यायचे. अशी गाडी दुसऱ्या हाती येते तेव्हा बॅटरीची थकबाकी कोणाची, करार तुमच्या नावावर होणार की पूर्ण फेडून मिळणार, हे फायनान्स कंपनीकडून लेखी घेतल्याशिवाय इसार देऊ नये.

वॉरंटी पुस्तिकेत आणखी एक आकडा शोधा. तब्येत किती टक्क्यांखाली गेली तर कंपनी बॅटरी बदलून देणार? टेस्ला ७० टक्के असे लिहून देते. हा आकडा नसेल तर ‘बॅटरी हळूहळू झिजते, ते नैसर्गिक आहे’ हे उत्तर पुढे कधीही ऐकायला मिळू शकते. आणि वॉरंटीबाहेर गेल्यावर खर्च किती? वरच्या ११५ डॉलरच्या भावाने २४ किलोवॉट-तासांचे सुमारे २,७६० डॉलर, म्हणजे २.४ लाखांच्या आसपास. हा कारखान्याच्या दारातला जागतिक सरासरी भाव झाला. कर, वाहतूक, वितरकाचा नफा आणि मजुरी त्यावर.

म्हणून वितरकाकडून मागायचा खरा कागद म्हणजे कंपनीच्या व्यवस्थेत, त्या चॅसी क्रमांकावर, दुसऱ्या मालकाच्या नावे किती वॉरंटी उरली आहे त्याची छापील प्रत. कंपनीच्या कार्यक्रमातून गाडी घेण्याचा सर्वात मोठा फायदा मला तरी हाच दिसतो. रस्त्यावरचा एजंट असा कागद देऊ शकत नाही.

१८ टक्के जीएसटीचे काय?

डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत जुन्या ईव्हीवरील कर १२ वरून १८ टक्के झाला आणि ‘जुन्या गाडीवर १८ टक्के’ असे संदेश फिरले. हा कर गाडीच्या किमतीवर नाही, नोंदणीकृत विक्रेत्याच्या नफ्यावर आहे. शोरूमने गाडी ६ लाखांना घेऊन पावणेसातला विकली, तर ७५ हजारांवर १३,५०० रुपये. आधी ९,००० लागले असते. शेजाऱ्याने शेजाऱ्याला विकली तर काहीच नाही. नव्या ईव्हीवर मात्र ५ टक्केच आहे, म्हणून ‘जुनीपेक्षा नवी बरी’ हा हिशेब काही गाड्यांबाबत खरोखर जुळतो.

वापी किंवा दमणची गाडी घ्यावी का?

डहाणू-तलासरीकरांना हा प्रश्न मुंबईकरांपेक्षा जास्त पडतो. तलासरीतून वापी जवळ, वसईचे आरटीओ लांब. जीजे-१५ किंवा डीडी-०३ क्रमांकाची गाडी पाच-पन्नास हजारांनी स्वस्त मिळते म्हणून मोह होतो. गाडी परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची फॉर्म २८ मधील ना-हरकत लागते, त्यानंतर इथे एमएच-४८ ची नोंदणी. महाराष्ट्राचे ईव्ही धोरण २०२५ मध्ये मंजूर झाले आणि ते ३१ मार्च २०३० पर्यंत आहे. त्यात इलेक्ट्रिक गाड्यांना मोटार वाहन कर माफ आहे. ही माफी परराज्यातून आणलेल्या जुन्या गाडीला कशी लागू होते, ते पैसे देण्याआधी वसई कार्यालयात विचारून घ्या, विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर राहू नका.

राज्यातल्या राज्यात गाडी घेतली तर फॉर्म २९ आणि ३० पुरतात. आधीच्या मालकाचे कर्ज असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा एचपी उतरवून घ्या. विम्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करा.

त्याच धोरणातील टोलमाफीचा उल्लेखही जाहिरातीत होता. ती मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्गावर आहे. आपल्या रस्त्यावरचे चारोटी आणि खानिवडे हे टोलनाके राष्ट्रीय महामार्गाचे, ते त्या यादीत नाहीत. दहिसरला टोल लागत नाही, पण तो ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्याच हलक्या वाहनांना माफ आहे, पेट्रोलच्या गाडीलाही.

खाडीकाठच्या गावात ईव्ही टिकते का?

टिकते, पण खरेदी करताना खालून पाहायला हवी. धाकटी डहाणूसारख्या गावात दारापासून समुद्र हाकेच्या अंतरावर. पत्र्याला, खिळ्याला, बोटीच्या इंजिनाला खारी हवा काय करते ते इथे कोणाला सांगायला नको. ईव्हीत बॅटरीची पेटी गाडीच्या पोटाखाली असते. ती सीलबंद असते, पण तिला धरणारे बोल्ट, पृथ्वी-जोडणीच्या तारा आणि नारंगी केबलचे कनेक्टर उघड्यावर असतात. गाडी रॅम्पवर चढवून हे पाहा. पेटीला पोचा असेल तर पुढे जाऊ नका.

पुराचे पाणी हा वेगळा विषय. पेटीवर आयपी-६७ लिहिलेले असते, म्हणजे एक मीटर पाण्यात ३० मिनिटे. ही चाचणी गोड्या पाण्यातली असते. अमेरिकेत फ्लोरिडात २०२२ च्या इयान चक्रीवादळानंतर समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या काही ईव्हींनी पाणी ओसरल्यावर काही दिवसांनी पेट घेतला. मीठ आत राहते आणि विजेला नको ती वाट करून देते. ऑगस्ट २०२४ मध्ये वडोदऱ्याला विश्वामित्रीच्या पुरात असंख्य गाड्या बुडाल्या होत्या. अशा गाड्या धुऊनपुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकायला येतात, हे जुन्या गाड्यांच्या बाजारात नवे नाही. विमा कंपनीकडून गाडीचा दावा-इतिहास मागा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून गाळाची रेघ आहे का पाहा. सर्व्हिस सेंटरला ‘इन्सुलेशन रेझिस्टन्स’ तपासायला सांगा. मीठ शिरले असेल तर तो आकडा आधी बोलतो.

चार्जिंग घरच्या मीटरवर होते. पण ते युनिट घरगुती स्लॅबमध्येच मिसळतात. रोज ५० किलोमीटर, महिन्याला २५ दिवस चालवली तर सुमारे २०० युनिट वाढतात आणि बिल वरच्या टप्प्यात जाते. खाडीच्या पलीकडे ५०० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र धूर सोडत असते, पण त्याची वीज मुंबईच्या उपनगरांना जाते आणि इथे महावितरणचा फेज गेला की गाडीही झोपते. जुन्या घरातले वायरिंग आणि अर्थिंग वायरमनकडून तपासून घेतल्याशिवाय रात्रभर १५ अँपिअर ओढू नये.

हप्ता परवडेल का?

पावणेसात लाखांपैकी ५ लाखांचे कर्ज, ५ वर्षे, व्याज १२ टक्के धरले तर हप्ता ११,१२२ रुपये. लिटरला १८ किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल गाडीला याच १,२५० किलोमीटरसाठी, १०४ रुपयांच्या दराने, ७,२०० रुपये लागतील. ईव्हीला सरासरी १२ रुपये युनिटने सुमारे २,४०० रुपये. बचत ४,८०० रुपयांची. हप्त्याचा निम्म्याहून कमी भाग त्यातून निघतो. (वाणगावहून बोईसरच्या लोकलच्या पासशी तुलना केली तर कोणतीच कार जिंकत नाही, तो भाग वेगळा.) आणि मासेमारीच्या घरात १ जून ते ३१ जुलै बोटी किनाऱ्याला असतात. त्या दोन महिन्यांतही हप्ता पहिल्या आठवड्यातच जातो.

गाडी घेतल्यावर लपवलेला दोष निघाला तर आधी वितरकाला आणि कंपनीला, दोघांनाही लेखी कळवा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, वापी किंवा मुंबईला खेपा घालाव्या लागत नाहीत. ५० लाखांपर्यंतचे व्यवहार जिल्हा आयोगातच चालतात. तिथेही पहिला कागद मागतील तो बिलाचा.

आमच्या वाचकाने विक्रेत्याकडे तीन गोष्टी मागितल्या : नमुना बिल, दुसऱ्या मालकाच्या नावे उरलेल्या वॉरंटीची प्रत आणि एक रात्र चार्जिंग. बिल त्याच दिवशी आले. त्यावर कंपनीचे नाव कुठेच नव्हते, होते एका वितरक फर्मचे. वॉरंटीची प्रत दोन दिवसांनी आली, चार वर्षे आणि काही महिने शिल्लक. चार्जिंगसाठी त्याला येत्या रविवारी बोलावले आहे. मीटर त्याने साडेआठशे रुपयांना ऑनलाइन मागवला आहे.